वरच्या मजल्यावरची साकु

२१ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची. आईने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या हुबळीच्या आधीच संपल्या आणि पुढचा प्रवास शेजारच्या बाईंच्या चिवड्यावर काढला. कुवेंपुनगरात रिक्षा शिरली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. सावलीचे रस्ते, धुतलेल्या अंगणात रांगोळ्या, प्रत्येक फाटकाआड एक तरी स्कूटर. म्हैसूर मला पाहताक्षणी आवडलं, आणि मला पाहताक्षणी आवडलेल्या गोष्टींची यादी फार छोटी आहे.

घर दुमजली, पिवळं, चांगलं नवं. तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत पिंजरे: तीन ससे, सहा गिनीपिग, एक कॉकटील पोपट, एक पाणकासव, आणि ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात ते बजरीगार पक्षी बारा. काही घरचे, काही मालक गावाला गेलेत म्हणून ठेवायला आलेले. मालक नागोजीराव याला 'पाळणाघर' म्हणतात, आणि ते सांभाळायला मी आले आहे, राहणंही इथेच. वय अडुसष्ट, रेशीम खात्यातून निवृत्त. यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाई म्हणून आले ते इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण निम्मी कन्नडच. मला म्हणाले, ऊट करून स्वल्प पडा अम्मा, मग काम बघू. म्हणजे जेवा आणि थोडं लवंडा. असा मालक पुण्यात मिळाला असता तर मी पुणं सोडलं नसतं.

त्यांची बायको अंबुबाई एक शब्द बोलत नाहीत, नुसत्या वाढतात. मी गाडीत पाठ केलेल्या चार कन्नड शब्दांपैकी एक लगेच कामी आला. बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको, गोत्तिल्ला म्हणजे माहीत नाही आणि साकु म्हणजे पुरे. तिसऱ्यांदा भात आला तेव्हा ताटावर हात आडवा धरून साकु म्हटलं. बाई थांबल्या आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

एक खोटं बोलले आहे ते इथे लिहून ठेवते. फोनवर नागोजीरावांनी विचारलं होतं, पाठीमागे कोण कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही. घटस्फोट झालेली आणि कडेवर मूल म्हटलं की पुण्यात खोल्या कशा एकदम भरलेल्या निघायच्या ते मी पाहिलंय. महिनाभर चोख काम करीन आणि मग सांगेन. पंचवीस मेला आई शरण्याला घेऊन येणार. चार वर्षांची आहे, मागच्या गल्लीत बालवाडी आहे. आठ महिने ती आजीकडे साताऱ्याला आणि मी पुण्यात, असं चाललं. आता नाही. शरू इथे आली की मला आणखी काही नको.

२२ एप्रिल, मंगळवार

सात ते आठ वजनं. माझी कामाची पद्धत हीच: रोज सकाळी प्रत्येक जीव काट्यावर. कुत्रा दुखलं तर केकाटतो. ससा, गिनीपिग, पक्षी हे दुसऱ्याच्या तोंडचा घास असणारे प्राणी. ते शेवटच्या दिवसापर्यंत आजार लपवतात. त्यांचं वजन तेवढं खोटं बोलत नाही.

आणि वजनं पाहून डोक्यात तिडीक गेली. सगळेच कमी. सशांना पाव आणि गाजर घालत होते. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला दिवसभर गवत लागतं. बारा तास लेंडी पडली नाही तर आतडं थांबलं समजायचं आणि धावायचं. दोन गिनीपिगांच्या हिरड्यांतून रक्त येतं आहे, कारण त्यांना क जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागतं आणि कोणी दिलेलं नाही. कासवाचे डोळे सुजून मिटलेत. कॉकटीलने छातीची पिसं उपटून कातडी उघडी केली आहे. मी नागोजीरावांना तासभर झापलं. त्यांनी वही काढून सगळं उतरवून घेतलं: गवत, आवळा, ढोबळी मिरची, कासवाला ऊन. चाळीस वर्षं रेशीमकिडे वाढवलेला माणूस, तापमान आणि ओलावा यांत माझ्यापेक्षा हुशार. मग पाव का घातला, तर म्हणाले, मन लागत नाही अम्मा.

एक कळलं नाही. सगळे पिंजऱ्यांत एकाच बाजूला दाटून बसतात, जिन्यापासून लांबच्या. वारा लागत असेल म्हणून मी पिंजरे फिरवले. दहा मिनिटांत सगळे पुन्हा जिन्याकडे पाठ करून पलीकडे.

दुपारी अंबुबाई दूधभाताची ताटली घेऊन वर गेल्या. नागोजीरावांनी खालून हाक मारली, "साकु." ताटली तशीच परत आली.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज विचारलंच, वर कोण आहे म्हणून. नागोजीराव म्हणाले, साकु मगळु. मगळु म्हणजे मुलगी एवढं मला येतं. साकु म्हणजे पुरे.

आमच्या साताऱ्याकडे तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुशा ठेवायचे, नकोशी. माझ्या वर्गात दोन नकुशा होत्या. हजेरीला नाव पुकारलं की त्या मान खाली घालून 'हजर' म्हणायच्या. म्हणजे इथेही तेच, फक्त दुसऱ्या भाषेत. पुरे झाल्या मुली, म्हणून साकु. वरून तिला जिन्यातून दिसतं त्या जाळीच्या दाराआड ठेवलंय. मी सरळ म्हटलं की चाइल्डलाइनला फोन करते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, खुशाल करा, पण आधी येऊन बघा. ती खात नाही. आमच्या हातचं घेत नाही, दोन वर्षं झाली. मग मला एकेक विचारत गेले, जसं गिनीपिगबद्दल विचारतात तसं. खाणं सोडलेल्याला काय करायचं? मी सांगितलं, ऊब द्यायची, पातळ करून भरवायचं. तरी घेत नसेल तर? नवा माणूस बघायचा. एखाद्या पिलाचा भरवणाऱ्यावरून विश्वास उडतो, दुसऱ्या हाताने ते खातं. आणि मग? मग ते त्या दुसऱ्या हाताचंच होतं, मी म्हटलं, जुन्याला विचारत नाही.

हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी तीनला वर गेले. बरोबर मऊ केळं. मनात म्हटलं, आधी पोरीला बघू, मग या दोघांकडे बघते.

खोली झाडलेली, उजेड भरपूर. भिंतीला रेशीमकिड्यांच्या वेताच्या गोल चाळण्या टेकवलेल्या. त्यांच्या मधे सहा-सात वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून बसलेली. केस जमिनीला टेकलेले, विंचरलेले. मी जाळीतून केळ्याचा तुकडा धरला आणि शरूला बोलावते तशी बोलावलं. ती वळली नाही. नुसता हात मागे आला, बराच लांब आला, आणि तुकडा घेतला. बोटं कोरडी आणि गरम होती. नखं कापलेली.

मागे जिन्यावर नागोजीराव रडत होते. त्यांनी तिला रेशमाचे कोश तोलायच्या टांगत्या काट्यावर बसवलं. वर्षानुवर्षांची सवय असल्यासारखी निमूट बसली. अकरा किलो. मी म्हटलं हे फार कमी आहे, डॉक्टर हवा. ते म्हणाले, पुष्कळ डॉक्टर झाले.

खाली आल्यावर अंबुबाईंनी मला पाटावर बसवलं. कपाळाला कुंकू, पानात चिरोटी, वर पिठीसाखर आणि गरम दूध. चार खाल्ल्या तरी त्यांचा हात थांबेना. नागोजीराव समोर हात जोडून बसले आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "साकतीरा, अम्मा?"

किती आदराने पुरे का विचारतात, असं वाटून मला हसू आलं. "साकु, साकु," मी म्हटलं.

"मूरु सला," ते म्हणाले. तीन वेळा. हा यांचा पाहुणचाराचा रिवाज असेल. मी तिसऱ्यांदाही म्हटलं. अंबुबाईंनी ताट उचललं आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसल्या. नागोजीराव उठून भिंतीला धरून उभे राहिले. म्हातारी माणसं, पोर जेवली म्हणून इतकी हलली. चाइल्डलाइनचं उद्या बघू, आधी तिला चार घास जाऊ देत.

३ मे, शनिवार

साकु रोज खाते आहे, फक्त माझ्या हातचं. वजन अकरा किलो सहाशे. चार दिवसांत सहाशे ग्रॅम, मला जरा अभिमानच वाटला. अंबुबाई नवं लुगडं नेसून देवळात गेल्या. शेजारीण सांगत होती की गेली कित्येक वर्षं त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या.

खाली मात्र काही खरं नाही. लालसर गिनीपिग, जिलेबी, आज सकाळी मेलेली सापडली. ही माझी लाडकी, मला बघून शिट्टी घालायची. हिरड्या सुधारल्या होत्या, खात होती, आणि चार दिवसांत सहाशे ग्रॅमवरून काही उरलं नाही. नुसती कातडी. जुलाब नाही, दात ठीक, पोटात गवत. या कामाच्या पाच वर्षांत असं पाहिलं नाही. सकाळभर रडले.

७ मे, बुधवार

दोन ससे गेले. जे दोन मी मांडीवर घेऊन विंचरत होते तेच. तिसरा चावरा, त्याला मी हात लावत नाही, तो ठणठणीत आहे. दुपारी तीनच्या सुमारास तो मागच्या पायाने जमिनीवर आपटतो, सशांची धोक्याची खूण असते तशी, आणि सगळी खोली गप्प होते.

गावातल्या पशुपक्ष्यांच्या डॉक्टरांना रक्त दाखवलं. त्यांना काही सापडलं नाही. मी वजनांचा तक्ता समोर घेऊन बसले. ज्यांच्यावर माझा जीव ते वाळतात, बाकीचे नाहीत. असला आजार पुस्तकात नसतो.

कॉकटील खालच्या दांडीवर पिसं फुगवून बसला होता, म्हणजे आता तासांचा प्रश्न. शेजारच्या काव्याला देऊन टाकला. इंजिनिअरिंगला आहे, तिचा हॅमस्टर गेल्या आठवड्यापासून आमच्याकडे आहे. तिला म्हटलं कायमचा घेऊन जा, मला आता बघवत नाही. संध्याकाळी तिचा निरोप आला, शिट्ट्या मारतोय आणि बाजरी खातोय.

९ मे, शुक्रवार

काव्या हॅमस्टर न्यायला आली. यांच्यातलीच, म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली, पण मराठी बेताचं. मी तिच्याजवळ मन मोकळं केलं, वरच्या पोरीचं, आणि पोरीचं नाव 'पुरे' ठेवणाऱ्या आईबापांचं.

तिने हॅमस्टरचा डबा खाली ठेवला.

"अक्का, साकु म्हणजे पुरे, ते पण आहे," ती म्हणाली. "पण साकु मगळु म्हणजे ते नव्हे. साकु म्हणजे पाळणं. पाळलेली मुलगी. साकु प्राणी म्हणतात ना, पेट, तसं."

आणि साकतीरा म्हणजे, मी विचारलं. पाळाल का, ती म्हणाली.

मी तीनदा साकु म्हटलं होतं.

काव्याच्या आजीला सगळं माहीत आहे म्हणे. हे लोक आधी अग्रहारात, म्हैसूरच्या जुन्या वस्तीत, राहायचे. तिथे त्यांची तीन मुलं गेली, एकामागून एक वाळून. आजी म्हणते, त्या घरात जो तिला पाळतो त्याचं दुसरं काही जगत नाही. घर बदलून इकडे आले तर इथेही तीच. काव्याने हॅमस्टरचा डबा पोटाशी धरला आणि चहा न घेता निघून गेली.

मी नागोजीरावांना हाक मारली. त्यांची खोली उघडी होती. कपाट रिकामं. दोघं गेलेत.

१० मे, शनिवार

वर गेले. चाळण्या हलवल्या. बारा दिवस मी भरवलेलं सगळं मागे वाळून पडलंय. केळी, दूधभात, सगळं. तिने एक घास खाल्लेला नाही. मग वजन कशाने वाढलं.

तिचा तक्ता तिथल्याच भिंतीतल्या कपाटात सापडला. पिवळे कागद, नागोजीरावांचं सुरेख बाळबोध अक्षर. वर्षानुवर्षं तोच आकडा, अकरा-साडेअकरा. तीन ठिकाणी एकदम चढलेला, अठरा, वीस, एकोणीस. त्या तीन ठिकाणी समासात एकेक नाव. रघु. रम्या. अर्जुन.

शेवटची ओळ तीन मेची, अकरा किलो सहाशे. समासात लिहिलंय, जिलेबी.

नागोजीरावांनी फोन चौदाव्या वेळी उचलला. जवळच्या एच. डी. कोटे गावी पुतण्याकडे आहेत. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"आमी चाळीस वरसं साकलो, अम्मा. आमच्या आधी अप्पा साकले. सोडता येत नाही. आपल्या हाताने भरवून कोणी पाळतो म्हटलं, तरच सुटतं. तुमच्या पाठी कोण नाही म्हटला तुमी, म्हणून तुमाला बोलवलो. ज्याचं कोण नाही त्याला ती काय करणार?"

मी सांगितलं, मला मुलगी आहे.

पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला. मग अंबुबाईंचा आवाज, मी ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

"तिला आपली म्हणू नको, बाळ."

फोन बंद झाला. त्यानंतर लागतच नाही.

११ मे, रविवार

आईला फोन केला. येऊ नका, कारण विचारू नको. आई चिडली. पुण्यातही दोनदा पुढे ढकललं होतं मी. म्हणाली तुला पोर नकोच आहे. मग म्हणाली, शरू तीन दिवस जेवत नाही. ताप नाही, काही नाही. कोपऱ्यात बसते, भिंतीकडे तोंड करून. केस उपटते. डॉक्टरांनी वजन केलं, चौदा किलो होती ती बारा भरली.

मी वर जाऊन साकुला काट्यावर बसवलं.

साडेतेरा.

काट्यावरून उतरताना ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. चेहरा लहान पोरीचा, बाकी काही नाही त्यात. "आई, भूक," म्हणाली. शरूच्या आवाजात.

१३ मे, मंगळवार

बॅग घेऊन निघाले. कुलूप घातलं. रिक्षाने बसस्टँड. भर दुपार, माणसंच माणसं. बाकावर बसले. हातात कोणीतरी हात दिला. कोरडा, गरम. मी बघितलं नाही. समोरच्या बाईने तिला पाहून हसत माझ्याकडे पाहिलं, गोड आहे हो, अशा अर्थाने.

साताऱ्याला गेले तर हिला घेऊन जाईन. शरूच्या दारात.

परत आले.

१५ मे, गुरुवार

कॉकटील जगला. का जगला? मी देऊन टाकला म्हणून. माझा राहिला नाही म्हणून.

दोन दिवस हेच डोक्यात. जिवावर येतं म्हणजे काय ते आज कळलं.

फोन केला. आईला म्हटलं शरूला दे. शरूने नुसतं "आई" म्हटलं, आवाज खोल गेलेला. मी म्हटलं, मी तुझी आई नाही. मला फोन करायचा नाही. तू आजीची. मला तू नको आहेस.

शब्दसुद्धा तेच निघाले. नकोशी.

ती रडली नाही. फोन आईच्या हातात दिला. आई काय म्हणाली ते ठीकच आहे, मी तिच्या जागी असते तर जास्त बोलले असते. फोटो पाकिटातून काढून चुलीवर — गॅसवर धरले. फ्रॉक आणला होता तो काव्याच्या कचऱ्यात. मनातून कसं काढतात ते मात्र माहीत नाही. दिवसभर तोंडाने म्हणते आहे, माझी नाही, माझी नाही.

१६ मे, शुक्रवार

आईचा निरोप. एकच ओळ. वरणभात खाल्ला, तुला काय त्याचं.

खाल्ला. शरू जेवली.

साकु साडेबारा. दिवसभर वर रडते आहे, शरूच्या आवाजात. मी कानात कापूस घातलाय.

१८ मे, रविवार

ती जिना उतरायला लागली आहे. दोन पायऱ्या. आज सहा. चावरा ससाही गेला. मला तो कधी आवडायला लागला होता कोण जाणे.

काव्या आली होती, कॉकटीलचा पिंजरा मागायला. जिन्यावरचं रडणं ऐकून तिने टेबलावरचं गाजर उचललं आणि तिकडे निघाली. मी पाहत राहिले. तिने भरवलं असतं, मी सुटले असते, शरू — मी पाहत राहिले, चांगली चार पावलं. मग तिला दंडाला धरून फाटकाबाहेर लोटलं. ती पडली. मला वेडी म्हणाली. पुन्हा येणार नाही, बरं झालं.

मी वाईट आहे पण इतकी नाही.

१९ मे, सोमवार

आईचा फोन बंद. कालपासून. शरू बरी असेल ना. हे विचारायचंही नाही. हे लिहायचंही —

माझी नाही.

२० मे, मंगळवार. अकरा वाजले असतील

फाटक वाजलं. खिडकीतून बघितलं. आई. आणि —

रात्रभर गाडीत बसून आली. पोरीला असं बोलणारीचं तोंड बघायला आले म्हणते. दारावर थापा. बाहेरचं दार तिने ढकललं, ते उघडंच होतं. मी मागच्या खोलीत आतून कडी घातली आहे. उघडलं तर शरू धावत येईल. उचललं की माझी. म्हणून लिहिते आहे, हात कडीकडे जाऊ नये म्हणून

आई ओरडते आहे. मी म्हटलं तिला घेऊन जा, आत्ताच्या आत्ता, इथून. आई म्हणते, दार उघड आणि माझ्या डोळ्यांत बघून सांग, नको म्हणून.

शरू बोलत नाही. तिचे शिट्टीचे बूट वाजत होते, इकडे तिकडे. पिंजऱ्यांपाशी.

बूट थांबले.

आई, तिला धर. ओरडले. आई म्हणते, आता बरी आठवण झाली.

जिन्यावर शिट्टी. एक पायरी. एक.

वर हसण्याचा आवाज. दोन हसणी. एकसारखी. कोणती कुठली मला कळत नाही, मला, तिच्या आईला —

"आजी, हिला भूक लागलीये. माझं बिस्कीट देऊ?"

मी हाक मारली तर ती माझी होते. नाही मारली तर साकु तिची —

आई म्हणते, दे गं बाळा, त्यात काय विचारायचं

"आजी, मी हिला पाळू?"

शरू. शरू माझी आहे. माझी — कडी निघत ना